‘त्याला कळू देऊ नका’

या महिन्याच्या पत्रांत एक विनंती पुन्हा पुन्हा आली आहे: कुणाला तरी कळू न देता कसं करायचं? मुलांना कळू न देता आईची केमो, नवऱ्याला कळू न देता दारू सोडवायची पूड, शाळेला कळू न देता मुलाची चाचणी. फोंड्यात माझ्या खोलीत येणारी माणसंही आधी दार लावून घेतात आणि मग आवाज खाली आणतात, कारण ज्याच्याबद्दल बोलायचं तो बाहेर बाकावर बसलेला असतो. बाकावरच्या माणसाला बहुधा सगळं ठाऊक असतं. निवडलेल्या पत्रांतले ओळख पटवणारे तपशील बदलले आहेत. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, औषधं लिहून देत नाही. औषधांविषयी खाली जे आहे ते सर्वसाधारण आहे, डोस तुमच्या डॉक्टरांचा.

प्रश्न : मी 38 वर्षांची. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) केमोथेरपी सुरू होईल. मुलगी नववीत, मुलगा तिसरीत. सासूबाई म्हणतात, पोरांना सांगितलंस तर दोघंही नापास होतील. मुलाला आम्ही ‘आईच्या पोटात गाठ होती, ती काढली’ एवढंच सांगितलं आहे. हल्ली तो माझ्या खोलीच्या दाराशी चटई टाकून झोपतो. का म्हणून विचारलं तर म्हणतो, तिथे वारा येतो. सांगू का? सांगितलं तर कसं?
— एक आई, डिचोली

उत्तर : ताई, दाराशी वारा येत नाही हे तुम्हालाही माहीत आहे. तो राखण करतोय. गाठ पोटात म्हणून सांगितलीत आणि पट्टी छातीवर. तिसरीतल्या मुलाला एवढं दिसतं. काहीतरी मोठं आहे हे त्याला कळलंय, विचारायची मात्र चोरी आहे. तेव्हा सांगा, आणि केमो सुरू व्हायच्या आधी सांगा.

‘कॅन्सर’ हा शब्द वापरा. तुम्ही नाही वापरलात तर तो शाळेच्या बसमध्ये ऐकेल, नाहीतर गणेशचवथीला जमलेल्या एखाद्या आत्याच्या तोंडून, आणि त्या वेळी जवळ तुम्ही नसाल. सांगताना नवऱ्याला बरोबर घ्या. दोन्ही मुलांना एकत्र बसवून मुख्य गोष्ट सांगायची, नंतर प्रत्येकाशी वेगळं बोलायचं; नववीतली मुलगी धाकट्यासमोर तिचे खरे प्रश्न काढणार नाही. रविवारची दुपार बरी. झोपायच्या वेळी नको, पेपरच्या दिवशी सकाळी तर नकोच.

धाकट्यासाठी वाक्यं साधी ठेवा. ‘माझ्या छातीत गाठ होती. पोटात म्हटलं ते खरं नव्हतं, तुला कसं सांगावं ते आम्हाला सुचत नव्हतं. या दुखण्याला कॅन्सर म्हणतात. डॉक्टरांनी गाठ काढली. ती परत येऊ नये म्हणून आता सलाईनमधून कडक औषध देणार आहेत. त्याने मी थकेन, उलट्या होतील, केस गळतील. केस औषधामुळे गळतात, दुखणं वाढलं म्हणून नाही. ते परत येतात.’ एवढं झालं की तुम्ही गप्प बसा. तो कदाचित ‘मी खेळायला जाऊ?’ म्हणेल. जाऊ द्या. त्याला काहीच वाटलं नाही असा अर्थ लावू नका. त्याचे प्रश्न येतील ते दोन दिवसांनी, तुम्ही भात वाढत असताना.

या वयाच्या मुलांच्या मनात तीन गोष्टी असतात आणि ती त्या बोलून दाखवत नाहीत. माझ्यामुळे झालं का? मला होईल का? माझं कोण बघणार? माझ्याकडे आलेल्या एका मुलाची खात्री होती की त्याचा चेंडू आईच्या छातीला लागला म्हणून गाठ आली. घरात कुणालाच त्याने हे सांगितलं नव्हतं. म्हणून त्याने विचारायची वाट बघू नका. ‘तू काही केलंस, रागावलास, उलटं बोललास म्हणून हे झालेलं नाही’ हे स्वतःहून सांगा. कॅन्सर लागत नाही, मिठी मारली तरी चालते, हेही सांगा. एक अडचण इथे आहे. केमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा त्याला सर्दी-ताप असेल तर त्याला तुमच्यापासून थोडं लांब ठेवावं लागेल. याचं कारण आधीच सांगून ठेवा, नाहीतर नेमका आजारी असताना आईने ढकललं एवढंच त्याच्या लक्षात राहील.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहा. केमो बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने असते. तुमच्या तारखा लाल पेनाने मांडा आणि त्या चौकोनात त्या दिवशी शाळेतून कोण आणणार, डबा कोण करणार, रात्री त्याच्याजवळ कोण झोपणार, ते लिहा. ‘सगळं नीट होईल’ या वाक्यापेक्षा ‘मंगळवारी काका आणायला येतील’ या वाक्याचा मुलाला आधार जास्त.

आणि एक दिवस तो विचारेल, ‘आई, तू मरणार?’ ‘छे, वेड्या’ म्हणू नका. ‘मी बरी व्हावी म्हणूनच हे औषध चाललंय. आता मी मरत नाहीये. यात काही बदललं तर ते तुला दुसऱ्या कुणाकडून नाही, माझ्याकडूनच कळेल.’ इतकंच वचन द्या, कारण इतकंच पाळता येतं.

केस साधारणपणे पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत जायला लागतात. त्याआधी ते आखूड करून घ्या, जमलं तर मुलांच्या समोर. उशीवरचे केस बघून हादरण्यापेक्षा ते बरं.

मुलीची काळजी वेगळी. घरात आईचं दुखणं आलं की मोठी मुलगी न सांगता स्वयंपाकघरात शिरते, आणि पाहुणे म्हणतात, किती शहाणी पोर! हे कौतुक तिच्यासमोर करू देऊ नका. एकदा ती पदवी मिळाली की मुलीला मग थकल्याचं बोलता येत नाही. घरातली ठरावीक दोन कामं तिला द्या आणि तिचा नाचाचा किंवा तबल्याचा क्लास चालू ठेवा. ‘मलाही होणार का?’ हे तिच्या मनात असणारच. बहुतेक स्तनांचे कॅन्सर आनुवंशिक नसतात हे तिला सांगा, आणि घराण्यात आणखी कुणाला झाला असेल तर तुमच्या डॉक्टरांना तिच्या देखत विचारा.

सासूबाईंच्या भीतीला मी हसत नाही. त्यांच्या तरुणपणी हे दुखणं झालेलं बाईमाणूस परत आल्याचं फारसं कुणी पाहिलं नसेल. पण परीक्षेसाठी सांगायला हवं ते वर्गशिक्षकांना. एखाद्या सहामाहीला गुण उतरतीलही. उतरू देत.

प्रश्न : मी 67 वर्षांची. अकरा वर्षांच्या नातीला शुगर निघाली, दिवसाला चार इंजेक्शनं. मुलगा बोटीवर, सून एकटी सगळं करते. पोरीचं तोंड बघवत नाही म्हणून सुनेला चोरून मी तिला लाडू देते. देवीला नवस बोलले, उजवा प्रसाद झाला, म्हणजे देवीचा होकार. ओळखीचे एक गृहस्थ काढा देतात, म्हणतात तीन महिन्यांत इंजेक्शन सुटेल. आमच्या वेळी कुठे होती इंजेक्शनं? पोरं वाढलीच ना? सून माझ्याशी धड बोलत नाही.
— एक आजी, साखळी

उत्तर : आजी, आधी कडक बोलते, मग मऊ. इन्सुलिन एक दिवससुद्धा बंद करायचं नाही. काढ्यासाठी नाही, उपासासाठी नाही, ‘आज शुगर चांगली आहे’ म्हणूनही नाही.

मोठ्या माणसांना होतो तो डायबेटिस आणि तुमच्या नातीचा, ही दोन वेगळी दुखणी आहेत. तिचा टाइप 1. शरीराची जी शक्ती जंतूंशी लढते तिनेच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या. गोड खाल्ल्याने हे झालं नाही, सुनेने लक्ष दिलं नाही म्हणूनही नाही. त्या पेशी काढ्याने उगवत नाहीत. इन्सुलिन थांबलं तर उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, ग्लानी, आणि मग धावत इस्पितळ. वेळेत पोचलं नाही तर मूल जातं.

आणि आमच्या वेळी पोरं वाढलीच ना, म्हणता. हे दुखणं असलेली वाढली ती इन्सुलिन मिळालं म्हणून. 1922 च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरांटोमध्ये 14 वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याच्या आधी अशी मुलं वाळत वाळत जायची. आपल्याकडे पुढेही गावोगाव ते पोचायला किती वर्षं लागली असतील! मूल गेलं की कुणी ताप म्हणायचं, कुणी दृष्ट. तुमच्या लहानपणच्या वाड्यावर असं एखादं मूल आठवतं का बघा.

आता लाडू. तुमचा लाडू सुनेला चोरून दिलेला असतो, म्हणून त्याचं इन्सुलिन कुणी देत नाही. सगळी गडबड तिथे आहे. उघड खाल्लेल्या गोडाचा हिशेब करता येतो: नेवरी केवढी, पातोळी एक की दोन, जेवणाबरोबर की मधेच, आणि त्यासाठी किती युनिट. हे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ घरच्यांना शिकवतात. चवथीला माटोळीखाली, गणपतीवर फळंपानं टांगतात तिथे, बसून सगळी भावंडं नेवऱ्या खात असताना तिने तेवढं ताटाकडे बघत बसायची गरज नाही. तुम्ही चोरून देता तेव्हा तिला एक गोष्ट नक्की शिकवता: की आवडीचं खायचं तर लपवून. पंधराव्या वर्षी ती मित्रमैत्रिणींत इंजेक्शन लपवेल, वहीत खोटे आकडे लिहील. हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

आकड्यांवरून आठवलं. मीटरवर 240 आलं की घरातली मोठी माणसं ‘काय खाल्लंस?’ विचारतात. तो आकडा म्हणजे परीक्षेतले गुण झाले मग. वाढत्या वयात, तापात, अभ्यासाच्या ताणात काहीही न खाता शुगर चढते. ‘बरं, आता काय करायचं?’ एवढंच विचारा. बोटीवरच्या मुलालाही सांगा, व्हिडिओ कॉल लागल्यावर पहिला प्रश्न शुगरचा नको. पोरीला आधी दुसरं काहीतरी विचार, मांजराचं विचार, शिक्षिकेच्या चुगल्या विचार. आणि ‘बिचारी’ हा शब्द घरातून काढून टाका.

तुमच्यासाठी खरं काम आहे. शुगर 70 च्या खाली गेली तर पोरगी घामाघूम होईल, थरथरेल, चिडेल, खुळ्यासारखं बोलेल. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, गाडी बोलवायची. हे सुनेकडून शिकून घ्या. तिला म्हणा, ‘मला मीटर लावायला शिकव, तू एक दुपार माहेरी जाऊन ये.’ बोलणं सुरू होईल की नाही बघा.

नवस फेडाच. देवीने उजवा प्रसाद दिला तो इन्सुलिन चालू ठेवायला दिला, असं समजायला माझी काही हरकत नाही.

प्रश्न : नवऱ्याची दारू रोजची, सकाळपासून. नणंदेने एक पूड आणून दिली आहे, चहातून द्यायची, त्याला कळतही नाही म्हणे. द्यावी का? की तुम्ही हिप्नॉटिझम करून सोडवाल? मुलं सात आणि दहा वर्षांची.
— पेडणे

उत्तर : पूड देऊ नका. अशा पुड्यांत काय असतं ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कधी त्यात डायसल्फिराम असतं. ते खरं औषध आहे, डॉक्टर देतातही, पण माणसाला पूर्ण सांगून आणि तपासून. ते पोटात असताना दारू प्यायली की तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब पडतो. हृदय कमकुवत असेल तर जीव जाऊ शकतो. तुमच्या नवऱ्याला कळणार नाही, म्हणजे तो पिणारच.

आणखी एक धोका लोकांना माहीत नसतो. सकाळपासून पिणाऱ्याने एका दिवसात सोडली तर दोन-तीन दिवसांत हात कापणं, फिट, भ्रम, नसलेली माणसं दिसणं हे होऊ शकतं. देवळात नेऊन शपथ घालायची आणि घरी कोंडून ठेवायचं, असले प्रकार करू नका. सोडायची ती वैद्यकीय देखरेखीखाली. बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, व्यसनमुक्तीचे उपचार होतात. जुनी माणसं अजून ‘अल्तिनोला पाठवा’ म्हणून चिडवतात, कारण पूर्वी ते मनोरुग्णांचं इस्पितळ अल्तिनोवर होतं. चिडवू द्या.

हिप्नॉटिझम मी करत नाही. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी बाईवर हात रोखून उभा असलेला पुतळा तुम्ही पाहिला असेल. ते 1756 साली कांदोळीत जन्मलेले आबे फारिया. पॅरिसमध्ये माणसांना झोपवून दाखवणाऱ्या याच गोंयकाराने सांगितलं होतं की ती शक्ती झोपवणाऱ्याकडे नसते, झोपणाऱ्याच्या मनातच असते. दोनशे वर्षं झाली तरी लोक आम्हाला हात रोखायला सांगतात.

नवऱ्याशी बोला ते सकाळी, पहिल्या घोटाच्या आधी, आणि एकाच प्रसंगाचं बोला. ‘काल रात्री तू ओरडलास तेव्हा धाकटी पलंगाखाली शिरली.’ ‘तू आमचं वाटोळं केलंस’ हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलंय की ते आता पोचत नाही. त्याच्या कामावर फोन करून ‘ताप आहे’ सांगणं बंद करा. मुलांना सांगा की बाबांना दारूचं दुखणं आहे, ते तुमच्यामुळे नाही, आणि तुम्ही ते बरं करू शकत नाही. हात उचलत असेल तर आधी मुलांना घेऊन शेजारी किंवा माहेरी, आणि 112. तो उपचाराला तयार नसला तरी तुम्ही एकट्या येऊ शकता. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रीही चालतो, पैसे पडत नाहीत.

प्रश्न : वडील आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकांत चाळीसेक वर्षं कामं करत. मार्चमध्ये त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात सुधारतोय, बोलतातही, पण कुणी भेटायला आलं की हुंदके देऊन रडायला लागतात. परवा शेजारी वारल्याची बातमी ऐकून हसत सुटले. वाड्यावर बोलतात की म्हातारा अजून नाटक करतोय. आम्ही पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगायला लागलो आहोत.
— वाळपईजवळच्या गावातून एक मुलगा

उत्तर : तुमच्या वडिलांना रडू आलं की वाईट वाटतंच असं नाही, आणि हसू आलं म्हणून त्यांना गंमत वाटली असंही नाही. त्यांनाच विचारून बघा. बरेच रुग्ण मला सांगतात, ‘आत काही नव्हतं, तोंडच थांबेना.’ रडण्या-हसण्याची क्रिया मेंदूच्या खालच्या भागात घडते आणि तिला आवर घालणारे धागे वरून येतात. पक्षाघातात ते धागे दुखावले की आवर सुटतो. हे ओळखायची खूण: झटका अचानक येतो, मिनिटभरात ओसरतो, आणि प्रसंगाशी जुळत नाही. आयुष्यभर प्रॉम्प्टरच्या इशाऱ्यावर रडलेल्या माणसाला नको तेव्हा रडू यावं आणि गावाने त्याला नाटक म्हणावं, याचा त्यांना किती अपमान वाटत असेल. बोलत नसतील, पण वाटत असेल.

झटका आला की ‘काय झालं, का रडता?’ विचारू नका, गळ्यात पडून तुम्हीही रडू नका. विषय बदला. खांदे सैल सोडून हळू श्वास घ्यायला सांगा, बसले असतील तर उभं करा. येणाऱ्या पाहुण्याला पडवीतच सांगा: ‘बाबा रडतील, ते दुखण्यामुळे, तुम्ही बोलत राहा.’ पाहुणे बंद करू नका. काही महिन्यांत हे पुष्कळदा कमी होतं. होत नसेल तर औषधं आहेत, न्यूरॉलॉजिस्टना मुद्दाम विचारा, कारण तिथे सगळे हातापायाचंच बोलून परत येतात.

एक गोष्ट वेगळी तपासा. पक्षाघातानंतर साधारण तीनांतल्या एकाला खरं नैराश्य येतं. झोप मोडणं, जेवण नकोसं होणं, कशातच मन न लागणं, ‘मी गेलो असतो तर बरं’ म्हणणं, हे दोन आठवडे टिकलं तर थांबू नका. पक्षाघातातून सावरताना व्यायाम करायला मन लागतंच, आणि नैराश्यात नेमकं तेच नसतं. आणि यंदाच्या जत्रेला तालमीच्या जागी त्यांना खुर्ची टाकून बसवता येईल का? संहिता हातात घेऊन प्रॉम्प्टिंग डाव्या हातानेही होतं.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा, चौथीत, इंग्रजी शाळेत. तोंडी सगळं येतं, लिहायला बसला की रडारड. शिक्षिका म्हणतात चाचणी करा. नवरा म्हणतो, मीही असाच होतो, कुठे बिघडलं? चाचणीचं शाळेला कळलं तर मुलावर शिक्का बसेल अशी भीती वाटते.
— फोंडा तालुका

उत्तर : नवऱ्याचं वाक्य मी नोंदवून ठेवलंय, कारण शिकण्याची अक्षमता घराण्यात चालत येते. कुठे बिघडलं ते त्यांना एकट्याला विचारा. मोठ्याने वाचायला सांगितलं की पोटात गोळा यायचा, एवढं तरी कबूल करतील.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. हे वगळून थेट माझ्याकडे येणारे पालक पुष्कळ, आणि त्यांतल्या काही मुलांना फक्त चष्मा लागतो. मग घरी एक साधं बघा: मराठी वाचतो कसा? आपल्याकडे मुलं घरी कोकणी किंवा मराठी बोलतात, शाळेत एकदम इंग्रजी. मराठी पुस्तक भराभरा वाचणारा मुलगा फक्त इंग्रजीत अडत असेल तर त्याची इंग्रजीशी ओळखच कमी पडली आहे असं मी समजते. दोन्हीकडे अडत असेल, जोडाक्षरं गाळत असेल, काना-वेलांटी उडवत असेल, ओळ वाचून झाल्यावर अर्थ सांगता येत नसेल, तर चाचणी करावी. त्याचं वय त्यासाठी योग्य आहे, आठच्या आधी आम्ही असा शिक्का मारत नाही. बी आणि डी उलटे लिहिणं तर सहा-सात वर्षांपर्यंत चालूनच जातं.

चाचणी करणाऱ्याचं नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत आहे ना, ते विचारा. विचारल्याचा राग येणाऱ्याकडे जाऊ नका. चाचणी एका बैठकीत उरकणाऱ्याकडेही नको. मुलाला ‘डॉक्टरकडे जायचं’ म्हणू नका, तो सुईची वाट बघत बसतो. ‘तुला लिहायला का त्रास होतो ते एक बाई शोधून काढणार आहेत’ म्हणा, हे खरंही आहे.

शिक्क्याचं म्हणाल तर तो बसलेला आहे. वर्गात त्याला आळशी किंवा ढ म्हणून झालं असेल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार मोजले आहेत, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे हीच शिकण्याची अक्षमता, आहे. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात, आणि त्यासाठी दहावीला धावपळ करण्यापेक्षा आत्तापासून कागद जमवलेले बरे. पण सवलत म्हणजे उपचार नव्हे. वाचन शिकवणारा विशेष शिक्षक लागेल, आठवड्यातून दोनदा तरी, बराच काळ.

शाळेला काय सांगायचं ते तुम्ही ठरवायचं, अहवाल तुमचा आहे. बुद्ध्यांकाचं पान न देता फक्त शिफारशींचं पान देता येतं, तसं वेगळं पत्र मागून घ्या. आणि काहीही दिलंत तरी झेरॉक्स द्या. मूळ प्रत शाळेच्या कपाटात गेली की ती दहावीच्या अर्जाच्या वेळी सापडत नाही.